पंधरा अँपिअरचा मुक्काम

माझा धंदा सांगितला की लोक आधी चुकीचं समजतात. इलेक्ट्रिक गाड्यांचं काम करतो म्हटलं की कुणी बॅटरी किती वर्षं टिकते ते विचारतं, कुणी पावसात शॉक बसतो का ते. मला त्यातलं फारसं कळत नाही. मी गाडीला हात लावत नाही. मी गाडीच्या आधी घरात जातो. गाडी ठरली की दुकानवाले मला गिऱ्हाइकाचा पत्ता देतात. त्या घरातल्या विजेला ही गाडी पोसवेल का ते मी बघतो, आणि पोसवणार नसेल तर तशी सोय करून देतो.

त्याआधी बत्तीस वर्षं मी वीज कंपनीत लाईनमन होतो. खांबावर चढलेल्या माणसाचं एक बरं असतं. खाली अख्खी गल्ली मान वर करून उभी असते, बायाबापड्या सांभाळून हो म्हणतात, लाईट आली की पोरं ओरडतात. निवृत्त झालो आणि मान वर करून बघणारं कुणी उरलं नाही. बायको आधीच गेली होती. मूलबाळ नाही. जालन्यात दोन खोल्या, त्यात मी आणि एक रेडिओ. आठ महिने असेच काढले. भाजीवाल्याशी उगीच हुज्जत घालायचो, तेवढंच बोलणं व्हावं म्हणून. नवव्या महिन्यात गाड्यांच्या दुकानातून विचारणा झाली, तेव्हा काम काय हे पुरतं ऐकून न घेताच मी हो म्हणालो.

काम म्हणजे मुख्यतः अर्थिंग. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. घरात वीज एका तारेनं येते आणि दुसरीनं परत जाते. तिसरी तार जमिनीत पुरलेली असते. एखाद्या यंत्राच्या पत्र्यात चुकून वीज उतरलीच, तर तिनं माणसाच्या अंगातून न जाता या तिसऱ्या वाटेनं मुकाट जमिनीत जावं, एवढ्यासाठी ती. आपल्याकडे बऱ्याच घरांत ही तार नसतेच. बोर्डाला तिसरं भोक असतं आणि त्यामागे कोळ्याचं जाळं. फ्रिज, मिक्सर, टीव्ही त्यावर वर्षानुवर्षं चालतात, कारण ते विचारत नाहीत. इलेक्ट्रिक गाडी ही मी पाहिलेली पहिली वस्तू, जी विचारते. प्लग लावला की ती आधी जमीन चाचपून बघते. जमीन लागली नाही तर चार्जरवर लाल दिवा लागतो आणि गाडी तोंड मिटून बसते.

मग मी खड्डा घेतो, कमरेपेक्षा खोल. त्यात नळी उभी करायची, भोवती मीठ आणि कोळसा थरावर थर, वरून पाणी. आपली काळी जमीन मे महिन्यात भेगाळते आणि नळीला सोडून देते. म्हणून उन्हाळ्यात दर आठ दिवसांनी खड्ड्यात बादलीभर पाणी घाला असं मी प्रत्येक घरी सांगतो. शिकलेली माणसं हसतात. म्हातारी माणसं मात्र न चुकता घालतात.

सुरुवातीच्या या गाड्यांना काय झेपत नाही, ते लोकांना ठेच लागल्यावरच कळलं. जालन्याचे एक कापड दुकानदार नवी गाडी घेऊन सहकुटुंब राजूरला गणपतीला गेले. पूजा झाली, चाकाखाली लिंबं चिरडली, बोनेटवर स्वस्तिक निघालं. तिथून सरळ घरी यावं की नाही? पण सोयऱ्याधायऱ्यांना गाडी दाखवत ते दिवसभर जिल्हाभर हिंडले आणि दुपारी उशिरा कुंभार पिंपळगावला बहिणीच्या दारात पोचले. गाडीत पाच मोठी माणसं आणि दोन पोरं, एसी पूर्ण सोडलेला, आणि डोक्यात कंपनीच्या कागदावरचा आकडा. उरले होते नऊ टक्के. बहिणीच्या घरी प्लग लावला, लाल दिवा. शेजारी लावला, लाल दिवा. चार घरं झाल्यावर त्यांनी मला फोन केला आणि गाडी फसवी निघाली म्हणून मलाच झापलं. मी म्हणालो, गावात पिठाची गिरणी बघा. त्यांना वाटलं मी चेष्टा करतोय.

चेष्टा नव्हती. खेड्यात खात्रीची अर्थिंग कुठे सापडेल तर गिरणीत. मोठी मोटर, लोखंडी सांगाडा, आणि त्याला दिवसभर बायकांचे हात लागणार. गिरणीवाला तिथे कुचराई करत नाही. तिथल्या गफूरभाईंनी गाडी लावू दिली, पण बाजाराचा दिवस होता, दळण थांबणार नाही असं बजावलं. दुकानदार डब्यांच्या रांगेत साडेतीन तास बसले. मी पोचलो तेव्हा नवी गाडी पिठानं पांढरी झाली होती आणि शेठ एका म्हातारीला चार्जिंग म्हणजे काय ते समजावत होते. म्हातारीनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मंग ही जनावरावानी हाय. चालता चालता खात न्हाई, बसूनच खाती."

याहून चांगलं मला आजवर कुणाला सांगता आलेलं नाही. पेट्रोलची गाडी पाच मिनिटांत पोट भरते. ही बसून खाते, आणि घरच्या साध्या बोर्डावर, म्हणजे आम्ही ज्याला पंधरा अँपिअर म्हणतो त्यावर, दहा-बारा तास खाते. सगळे मला एकच विचारत, हे जल्दी कसं होईल? हे हळू कसं होईल, असं विचारणारा एकच माणूस मला भेटला. हा लेख खरं तर त्यांच्यासाठी आहे.

केदारखेड्याचे रंगनाथ नाना. सत्तरी ओलांडलेली, चांगली बागायत, घर मोठं आणि घरात ते एकटे. बायको तीन वर्षांपूर्वी गेली होती. मुलगा संतोष नाशिकला कंपनीत. तो पेट्रोलच्या गाडीनं महिन्या-दीड महिन्यानं यायचा. सकाळी निघायचा, बारापर्यंत पोचायचा, जेवायचा, तीनला परत. सुनेची नोकरी, पोरीची शाळा, त्यात त्याची चूक मी काढणार नाही. मग त्यानं इलेक्ट्रिक गाडी घेतली. समृद्धी महामार्गावरून आला. रस्ता जितका चांगला तितकी माणसं वेगानं हाणतात, आणि जितका वेग तितकी ही गाडी जास्त खाते. केदारखेड्यात पोचेपर्यंत गाडीत अकरा टक्के. घरच्या बोर्डावर लावली, तर अर्थिंग बरी होती, दिवा हिरवा लागला. पण भरायला बारा तास. तेव्हा आईच्या आजारपणानंतर पहिल्यांदाच संतोष बायको-मुलीसह त्या घरात मुक्कामाला राहिला.

तिथून पुढे तसाच रिवाज पडला. शनिवारी संध्याकाळी यायचं, गाडी लावायची, रविवारी सकाळी निघायचं. बोर्डावर भार पडू नये म्हणून नाना कूलर बंद ठेवत आणि सगळे गच्चीवर झोपत. नात उठल्या उठल्या गाडीपाशी जाऊन किती टक्के झाले ते आजोबांना सांगायची.

मी या घरात आलो तो संतोषच्या फोनमुळे. त्याला भिंतीवर बसणारा मोठा चार्जर हवा होता. त्यावर त्याची गाडी पाचेक तासांत भरली असती. मी मीटर बघितला, तारा बघितल्या, डीपीवरून, म्हणजे गावच्या रोहित्रावरून, किती विजेची सोय आहे ते बघितलं. एक अर्ज, जाड केबल, नवीन अर्थिंग, एवढ्यावर भागणार होतं. मी वहीत लिहीत होतो तेव्हा नाना मला गोठ्याकडे घेऊन गेले. म्हैस दाखवली. कपाशीचं सांगितलं. ताकाला जाऊन भांडं लपवणं त्यांना जमत नव्हतं, म्हणून शेवटी मीच विचारलं, नाना, काय आहे?

"त्यो मोठा चार्जर बसला तर गाडी किती वाजता भरंल?"

सकाळी अकराला आले तर चारपर्यंत, असं मी सांगितलं.

"मंग ते चारला जातेन."

नाना म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत होते. मी म्हणालो, तुम्ही त्याला सरळ थांब म्हणत का नाही?

"पाव्हन्याला थांब म्हनतेत, वायरमन. आपल्या पोराला थांब कसं म्हनावं? म्हनलं तर त्यो पाव्हना झाला ना." मग म्हणाले, "तुमच्या वहीत आसं लिवता येतं का, की हितं जमत न्हाई?"

बत्तीस वर्षांत मी कुठल्याही कागदावर खोटं लिहिलं नव्हतं. त्या दिवशी लिहिलं. रोहित्रावर भार जास्त आहे, मोठा चार्जर देता येणार नाही, पंधरा अँपिअरवरच चालवावं. खाली माझी सही. दयेपोटी लिहिलं असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होतो. पण खरं हे की कुणीतरी आपल्या घरातली गोष्ट मला विश्वासानं सांगितली होती, आणि असं कितीतरी दिवसांत झालं नव्हतं. मला त्या घरात आपलं काही असावं असं वाटलं.

पाच-सहा महिने सगळं छान चाललं. नाना अधूनमधून फोन करून कोण आलं, काय खाल्लं ते सांगत. मग एका सोमवारी संतोषचा फोन आला. आवाजात राग नव्हता, पण काळजी होती. म्हणाला, काका, गावाकडे चार्जिंग मधेच तुटतंय, मागच्या तीनही खेपांना तुटलंय, मी फोटो पाठवतो. फोटो म्हणजे त्याच्या मोबाईलवर गाडीनं ठेवलेली नोंद होती. सुरू रात्री आठ वाजून दहा मिनिटं. बंद पहाटे चार वाजून पन्नास. पुन्हा सुरू सहा चाळीस. दुसऱ्या खेपेला बंद चार पंचावन्न. तिसऱ्या खेपेला चार पंचेचाळीस. लाईन अशी जात नाही. लाईनला घड्याळ नसतं. पाच वाजता म्हैस पिळायला उठणारा माणूस कोण, ते मला ठाऊक होतं.

मी मोटारसायकल काढली आणि केदारखेड्याला गेलो. नानांनी काही लपवलं नाही. धार काढायला उठलं की ते बटण बंद करत आणि चहाच्या वेळी चालू करत. तेवढ्यानं सकाळचं निघणं लांबत जाई आणि जेवणाची पंगत होई. मी त्यांना सांगितलं की नाना, ही गाडी सगळं लिहून ठेवते, वेळेसकट. त्यांच्या चेहऱ्याकडे मला बघवेना.

"म्हंजी त्याला कळलं?"

मी म्हणालो, नाही. त्याला वाटतंय वायरिंग बिघडलं. मी बघतो काय सांगायचं ते. आणि संतोषला फोन लावून दुसरं खोटं बोललो. गावची लाईन आहे, पहाटे सिंगल फेज जाते, इलाज नाही. नाना शेजारी उभे राहून ऐकत होते. फोन ठेवल्यावर त्यांनी मला शेंगदाण्याची पिशवी भरून दिली.

खोट्याच्या कपाळी गोटा म्हणतात ते खोटं नाही. संतोषच्या जागी मी असतो तरी तेच केलं असतं. जिथे मोठा चार्जर बसत नाही आणि छोट्यावर भरवसा नाही, तिथे चौथीतली पोर आणि सोमवारची नोकरी घेऊन कोण जाईल? पुढचा महिना तो आला नाही. त्याच्या पुढचाही नाही. अधूनमधून फोन करायचा, नाना, लाईन सुधारली की येतो. दिवाळीत एका मित्राची पेट्रोलची गाडी मागून एकटाच आला आणि जेवून तीनला परत गेला. मी माझ्या दोन सह्यांनी, एक कागदावरची आणि एक तोंडची, त्या घरातला मुक्काम बंद केला होता.

पौषात नानांचा फोन आला. नेहमीसारखी हवापाण्याची सुरुवात नव्हती.

"वायरमन, तेवढं त्याला सांगा, लाईन सुधारली म्हनून. तुमचं ऐकतो त्यो."

मी हो म्हणालो आणि दोन दिवस तसाच बसलो. लाईन सुधारली हे सांगणं सोपं होतं. पण ते तिसरं खोटं झालं असतं, आणि त्याला सांभाळायला पुढे चौथं लागलं असतं. शेवटी एका दुपारी मी संतोषला फोन केला आणि सगळं सांगून टाकलं. लाईन कधी गेलीच नव्हती. मोठा चार्जर पहिल्या दिवसापासून बसत होता. वहीत खोटं मी लिहिलं. बटण कोण बंद करत होतं आणि का, तेही सांगितलं. मला वाटलं तो चिडेल, दुकानात तक्रार करेल. माझी त्याला तयारी होती.

"काका," तो म्हणाला, "चार्जर बसवून टाका."

एवढंच. फेब्रुवारीत मी तो बसवला. नवा खड्डा घेतला, मीठ-कोळसा मी स्वतः थरानं भरला, जाड केबल ओढली, मीटरवर तपासलं. आयुष्यात इतकी चांगली अर्थिंग मी केली नसेल. नाना बाजेवर बसून बघत होते. मी त्यांना न विचारता त्यांच्या मुलाला सगळं सांगितलं होतं, आणि ते त्यांना कळलं होतं. काम संपल्यावर त्यांनी फक्त विचारलं, बराबर पाच तास का? मी म्हणालो, साधारण पाच. ते म्हणाले, पेट्रोलच्या गाडीवर तीनच मिळायचे.

पहिल्यांदा गाडी लावायची तेव्हा मी हजर असावं असा दुकानाचा नियम आहे. म्हणून त्या रविवारी मी केदारखेड्यातच होतो. संतोष, त्याची बायको आणि मुलगी सव्वाअकराला आले. दिवा हिरवा लागला. जेवणं झाली, वांग्याची भाजी, भाकरी, शेंगदाण्याची चटणी. नात मळ्यात जाऊन आली. बापलेक बाजेवर बसून कपाशीचं बोलले, पाण्याचं बोलले. बटणाचं कुणीच काढलं नाही. चारच्या सुमारास संतोष दोनदा मोबाईल बघून परत खिशात ठेवताना मला दिसला. निघतो म्हणायला त्याची जीभ रेटत नव्हती.

सव्वाचारला नाना स्वतः उठले. भिंतीवरचं बटण त्यांनी बंद केलं, सगळ्यांच्या देखत. गाडीच्या तोंडातला प्लग काढला, केबलची व्यवस्थित गुंडाळी करून खुंटीला अडकवली आणि म्हणाले, "भरली. निघा आता, उजेड हाय तवर." सुनेनं देवापुढचं हळद-कुंकू स्वतःच लावून घेतलं आणि नानांच्या पाया पडली. संतोष वडिलांसमोर उभा राहिला, वाकून नमस्कार करून गाडीत बसला. ही गाडी आवाज करत नाही. फाटकाबाहेर कधी गेली ते कळलंही नाही.

मला राहवलं नाही. मी म्हणालो, नाना, अजून अर्धा तास भरायची बाकी होती, मी मीटर बघत होतो ना.

"आसू द्या. पुरंल तेवढं." ते फाटकाची कडी लावून आले. "लई दिवस गाडी थांबून राह्यली व्हती माझ्याकडं. आता ज्या दिवशी थांबंल, त्या दिवशी पोरगं थांबल्यालं आसंल."

मी हत्यारं बांधली. माझ्या मोटारसायकलीत पेट्रोल भरपूर होतं आणि घरी माझी वाट बघणारं कुणी नव्हतं. मी विचारलं, आज मी राहू का इथे? नानांनी खरंच विचार केला. घरात डाळ-भात झाकलेला होता, बाज रिकामी होती.

"नका राहू," ते म्हणाले. "सवय लागंल. मला बी अन् तुमाला बी."

त्याला आता आठ महिने होत आले. संतोष चार-पाचदा येऊन गेला, दर वेळी उजेडातच परतला, असं भोकरदनच्या एका ओळखीच्या माणसाकडून कळलं. नाना आता मला फोन करत नाहीत. मला तिथे जायचं तर काही निमित्त हवं, आणि आमच्या धंद्यात निमित्त म्हणजे बिघाड. कपाशीच्या दिवसांत दोनदा मी केदारखेड्याच्या वाटेनं राजूरपर्यंत जाऊन परत आलो. फोन वाजला की आधी नाव बघतो. केदारखेड्याहून अजून एकही तक्रार आलेली नाही.